शेवटच्या सीटपर्यंत

दवाखान्याच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून एक खोली होती. खिडकी नाही, डोक्यावर जाडजूड पाइप, आणि भिंतीपलीकडे चादरी घुसळणाऱ्या मशीनची दिवसभर घरघर. त्या खोलीत अटकाका बसायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर यायची नाही. तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे ते अटकाकाच. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. कुणी क्वेरी घेऊन खाली उतरलं की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अट कुठंय?"

क्वेरी म्हणजे दुसरं काही नाही, डेटाबेसला विचारलेला प्रश्न. दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांची माहिती कॉम्प्युटरात टेबलांमध्ये भरलेली, एकाखाली एक ओळ. त्यातून काही काढायचं, बदलायचं, पुसायचं, तर एस्क्यूएल नावाच्या भाषेत विचारावं लागतं. भाषा सोपी आहे हो, पण ऐकणारा मुलखाचा हट्टी. सांगाल तेवढंच करतो आणि सांगाल ते सगळं करतो. अट न घालता "जन्मतारीख बदल" म्हणालात, तर तो "कुणाची?" म्हणून विचारत बसत नाही, सगळ्यांची बदलतो. हे घडलेलं आहे, बरं का! बिलाच्या खिडकीवरच्या एका दीडशहाण्यानं असाच हुकूम सोडला आणि त्या दुपारी दवाखान्यातला प्रत्येक पेशंट, तान्ह्या बाळापासून काठी टेकत येणाऱ्या आजोबांपर्यंत, एकाच दिवशी जन्माला आला. अटकाकांनी दिवसभर खपून जुन्या प्रतीवरून सगळं परत बसवलं. त्या शहाण्याला ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बाबा रे, आधी सिलेक्ट लिहून बघ, कोण कोण येतंय हाताला. तेच हवे असतील, तरच सिलेक्टच्या जागी अपडेट लिही. आणि परतीची वाट उघडी ठेवून मगच आत शीर."

असं त्यांचं शिकवणं. पुस्तकी नाही, घरगुती. कुणी सगळेच्या सगळे रकाने मागवले की म्हणायचे, "मिठाची पुडी हवी होती ना? मग अख्खं दुकान डोक्यावर घेऊन का आलास?" कुणाच्या उत्तरात एकाच पेशंटची ओळ तीन-तीनदा यायला लागली आणि त्यानं वरून "डिस्टिंक्ट" लिहून ती झाकली, की अटकाकांचं टाळकं सरकायचं. "कचरा सतरंजीखाली ढकलतोस होय? एकाचे तीन का झाले ते बघ. जोडणी कुठंतरी चुकली आहे तुझी." क्वेरी कासवासारखी चालली की ते आधी इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागं असते तशी शोधायची सूची, आहे का बघायचे, मग अटीत रकान्यावर उगाच काही फोडणी घातलीय का बघायचे. "रकाना जसाच्या तसा राहू दे. जी काय कसरत करायची ती दुसऱ्या बाजूला कर. नाहीतर इंडेक्स असून नसून सारखाच." लोक हसायचे, पण ऐकायचे. फुकटचा सल्ला सहसा कुणी ऐकत नाही, यांचा ऐकायचे.

आणि या सगळ्यांच्या वर एक गोष्ट होती, जी ते प्रत्येकाला सांगायचे. अगदी न विचारता. "उत्तर रिकामं आलं, की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं."

नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा काहीतरी बरळतोय. कॉम्प्युटरात कुठली आली सीट? मग कुणीतरी जुना माणूस समजावून सांगायचा, की ही शिकवण काकांची नाही, त्यांच्या ताईची आहे.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा अटकाका शाळेत होते आणि ताई लग्नाच्या वयाची. लग्न राहिलं ते राहिलंच. तिनं शाळेच्या बसवर नोकरी धरली. पोरांना हात धरून चढवायचं, मोजायचं, भांडणं सोडवायची, ओकारी पुसायची आणि दारात उतरवून द्यायचं. त्याच पगारावर भावाला शिकवलं, चष्मा घेऊन दिला, आणि पहिल्या नोकरीच्या दिवशी स्वतः त्याच्या शर्टाला इस्त्री केली. सायकलवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. दोघांची तोंडं सारखीच चालायची. भाऊ म्हणायचा, "ताई, तू मला वाढवलंस की सुनावलंस?" ताई म्हणायची, "सुनावता सुनावता वाढलास, काय बिघडलं?"

ताईच्या शाळेत दोन बस होत्या. दुसऱ्या बसवरची बाई ताईच्या जिवाभावाची. एका डब्यात जेवायच्या दोघी. एके दिवशी त्या बाईनं पोरं उतरवली, दारातून आत डोकावली, गाडी रिकामी दिसली. दार लावून घरी गेली. बाहेर आग ओकणारं ऊन. शेवटच्या सीटवर एक पोरगी आडवी होऊन झोपली होती, इवलीशी, पुढच्या सीटच्या पाठीआड पूर्ण झाकलेली. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ती बाई रडत ताईकडे आली होती. अटकाका तेव्हा कॉलेजात होते, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. बाई उंबऱ्यावर बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी बघितलं होतं गं. दारातून बघितलं होतं. रिकामी होती गाडी." ताईनं तिला पाणी दिलं. आणि म्हणाली, "दारातून काय दिसतं?" बस्स, तेवढंच. त्यानंतर ताई तिच्याशी कधी बोलली नाही. रस्त्यात समोर आली तर रस्ता बदलायची. आणि नोकरी संपेपर्यंत रोज, रोज म्हणजे रोज, सगळी पोरं उतरल्यावर ताई गाडीच्या टोकापर्यंत चालत जायची आणि शेवटच्या सीटवर हात फिरवून यायची. ड्रायव्हर वैतागायचा, हॉर्न वाजवायचा. वाजवू दे मेला, म्हणायची.

तर ही ती शेवटची सीट. अटकाकांनी ती तळघरात आणली आणि जगाला शिकवली.

दवाखान्यात आतड्याच्या गाठीची तपासणी व्हायची. उतारवयाच्या माणसांना घरी एक डबी मिळायची. शौचाचा नमुना भरून द्यायचा, आठवड्यानं निकाल. काही सापडलं नाही तर काहीच नाही, फोनसुद्धा नाही. सापडलं तर दवाखान्यातून फोन यायचा, पुढच्या तपासणीला या. हे फोन करायला पहिल्या मजल्यावर एक बाई होत्या. सगळे त्यांना फोनवाल्या बाई म्हणत. आवाज लोण्यासारखा. वाईट बातमीसुद्धा अशी सांगायच्या, की समोरचा आभार मानून फोन ठेवायचा. रोज सकाळी त्यांच्या पडद्यावर नावं यायची, ज्यांचा निकाल वाईट आहे आणि ज्यांना अजून फोन गेलेला नाही अशांची. ही नावं काढणारी क्वेरी अटकाकांची होती. फार जुनी. नोकरीला लागल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षी लिहिलेली. तिच्यात त्यांनी साधं सरळ लिहिलं होतं, निकाल वाईट असलेले सगळे काढ, आणि फोन झालेल्यांमध्ये जे "नॉट इन", म्हणजे जे नाहीत, तेवढे दाखव.

आता यात एक गोम आहे, आणि ती अटकाकांना ठाऊक होती. त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. कार्यक्रमाच्या दारावर माणूस उभा आहे असं समजा. त्याला विचारलं, "यातले कोण अजून आत गेले नाहीत?" तो आत गेलेल्यांची तोंडं आठवून सांगेल. पण आत गेलेल्यांत एकजण तोंडावर फडकं बांधून गेला असेल, तर? मग हा पठ्ठ्या प्रत्येकाकडे बघून म्हणणार, "हाच तो फडकंवाला असला तर? खात्री नाही बुवा." आणि ज्याची खात्री नाही, त्याचं नाव तो घेत नाही. म्हणजे आत गेलेल्यांत एक अनोळखी आला, की बाहेर राहिलेल्यांत कुणाचंच नाव येत नाही. डेटाबेसात त्या फडक्याला नल म्हणतात, न भरलेली रिकामी जागा. शून्य नव्हे, कोरी. अटकाका सगळ्यांना बजावून सांगायचे, "नॉट इनच्या वाटेला जाऊ नका. नॉट एक्झिस्ट्स लिहा, ते कोऱ्या जागेवर अडत नाही. एक नल घर बुडवतो."

सगळ्यांच्या क्वेऱ्या त्यांनी बदलून घेतल्या. स्वतःची ती जुनी मात्र तशीच राहिली. का? तर चालत होती. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणाऱ्या क्वेरीला हात लावू नये, असाही एक अलिखित नियम असतो या लोकांत. आणि फोन झालेल्यांच्या त्या टेबलात पेशंट नंबरचा रकाना रिकामा सोडायची सोयच नव्हती. सक्तीचा होता तो. मग भीती कसली?

ती सक्ती कुणी काढली? अटकाकांनीच. फोनवाल्या बाई एकदा तळघरात आल्या, रडकुंडीला. "काका, लोक स्वतःहून फोन करतात आणि नंबर सांगत नाहीत. डबीवर आहे, शोधून सांगतो म्हणतात. तुमचं ते यंत्र नंबर भरल्याशिवाय फोन झाल्याची नोंदच घेत नाही. इकडे दुसरा फोन वाजत असतो. मी काय करू सांगा?" अटकाकांना दया आली. ते तसे मऊ होतेच. "ठीक आहे, सक्ती काढतो. नोंद करून ठेवत जा, नंबर मागून भरा." बाईंनी जाताना त्यांच्या टेबलावर चहाचा कप आणून ठेवला. चांगुलपणाची गोष्ट होती ती. अंगाशी यायला कुठली गोष्ट लागते, हे कधी कुणाला कळलंय?

कुणाचा तरी नंबर मागून भरायचा राहिला. दुसऱ्या दिवसापासून फोनवाल्या बाईंच्या पडद्यावर नावं येणं बंद झालं.

तुम्ही म्हणाल, मग आरडाओरडा व्हायला हवा होता. झाला नाही. कारण त्याच सुमाराला नव्या जातीच्या डब्या आल्या होत्या आणि दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की आता खोट्या घंटा वाजणार नाहीत, फोन कमी होतील. फोन कमी काय, बंदच झाले. फोनवाल्या बाई खूश. साहेब खूश. साहेब एकदा स्वतः खाली आले, अटकाकांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बघा, म्हटलं होतं ना?" अटकाकांनी पडद्याकडे नजर टाकली. रिकामा. त्यांच्याही मनाला बरं वाटलं. कुणालाच गाठ नाही. यापरतं चांगलं उत्तर कुठलं? हवंहवंसं उत्तर आलं की माणूस त्याला खुर्ची देतो, उलटतपासणी घेत नाही.

त्याच दिवसांत ताईनं डबी भरून दिली होती.

"माझा फोन नाही रे आला," एकदा जेवताना ताई म्हणाली.

"नाही आला म्हणजे चांगलं असतं, ताई. वाईट असेल तरच येतो."

"ते मला कळतं. मी विचारतेय, कुणी विसरलं तर?"

अटकाका हसले. "ती यादी माझी क्वेरी काढते. माणूस विसरेल, ती नाही विसरायची."

ताईनं मान डोलवली. भावाच्या कामावर तिचा विश्वास होता. शेजारणीला ती सांगायची, "आमच्या ह्याच्या हातून कुणी सुटत नाही." पुढं महिन्याभरानं तिनं पुन्हा विचारलं. कपडे वाळत घालताना, पाठमोरी, जणू सहज. "आला नाही ना रे फोन?" अटकाका घाईत होते, बूट घालत होते. "ताई, किती वेळा सांगू? यादी रिकामी आहे, कुणाचंच नाव नाही. तू आहेस ठणठणीत." ती म्हणाली, "बरं बाबा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. अटकाकांनी ते बघितलं. वय झालं, असं मनाशी म्हणाले. अरे, वय काय एका महिन्यात होतं?

मग एके सकाळी ताई मोरीत कोसळली. अटकाकांनी तिला रिक्षात घालून त्यांच्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, चटपटीत. पोट दाबून बघितलं, फोटो काढायला सांगितले, मग कॉम्प्युटरात ताईचा नंबर घातला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आजी, तुमच्या नमुन्यात रक्त सापडलं होतं. तुम्हाला पुढच्या तपासणीला बोलावलं होतं. आला का नाहीत?"

"कुणी बोलावलं?" ताई म्हणाली.

"फोन गेला असेल. लोक फोन उचलत नाहीत, मग आमच्या नावानं खडे फोडतात."

"फोन आला नाही." ताईचा आवाज खोल गेला होता, पण धार तशीच. "आला असता तर आले नसते होय? चालत आले असते. आणि हा माझा भाऊ बसलाय ना, ती यादी हाच काढतो. विचारा ह्याला. काय रे, होतं माझं नाव?"

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. अटकाकांना तेव्हाच कळलं. काही उघडून बघायची गरजच नव्हती. खोलीतल्या खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या, त्यांना ती जुनी क्वेरी ओळ न ओळ दिसली, आणि चहाचा तो कप दिसला.

"बघून येतो," ते म्हणाले.

जिन्यानं खाली उतरताना त्यांनी कठड्याला घट्ट धरलं होतं. खोलीत येऊन त्यांनी क्वेरी चालवली. रिकामी. मग जे कुणालाही पहिल्या दिवशी करायला सांगत आले होते, ते केलं. फोन झालेल्यांच्या टेबलात कोऱ्या जागा किती, ते विचारलं. उत्तर आलं, एक. फक्त एक! कुणी एक माणूस, ज्यानं स्वतःहून फोन केला होता आणि डबी शोधून नंबर सांगतो म्हणाला होता.

त्यांनी "नॉट इन" खोडलं, "नॉट एक्झिस्ट्स" लिहिलं आणि बटण दाबलं. नावं भसाभस पडद्यावर उतरली. पडदा भरला, खाली सरकला, तरी येतच राहिली. इतके महिने जी माणसं दाराबाहेर उभी होती, ती सगळी एकदम आत आली. मध्येच कुठंतरी ताईचं नाव होतं. तिच्या नावापुढं घरचा फोन नंबर होता, जो अटकाकांना लहानपणापासून पाठ होता. ते पडद्यासमोर बसून रडले. भिंतीपलीकडे चादरींचं मशीन चालू होतं म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

साहेबांना त्यांनी लगेच सांगितलं. साहेब आधी पांढरे पडले, मग म्हणाले, "सिस्टीमचा दोष म्हणू. तुमचं नाव कशाला?" अटकाका म्हणाले, "सिस्टीमनं जे विचारलं त्याचं उत्तर दिलं, साहेब. विचारलं मी." फोनवाल्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. "काका, तो नंबर भरायचा माझ्याकडून राहिला का हो?" अटकाका म्हणाले, "नाही बाई. रिकामा सोडा म्हणून मीच सांगितलं होतं." तेवढं तरी खरं बोलता आलं.

संध्याकाळपर्यंत ताईचे फोटो आले. डॉक्टरबाईंनी अटकाकांना बाहेर बोलावलं. आता त्यांच्या आवाजात चटपटीतपणा नव्हता. गाठ आतड्यातून बाहेर पडून यकृतात गेली होती. "तेव्हा आल्या असत्या तर नुसती गाठ काढून भागलं असतं. आता..." कापाकापीत अर्थ उरला नव्हता. घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू, असं ठरलं.

घरी आल्यावर ताई खिडकीजवळच्या पलंगावर टेकली. खाली सायकलवाला चाकाला हवा भरत होता. अटकाका स्टूल ओढून समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. ती कोरी जागा, ते फडकं, ती जुनी क्वेरी. ताई मध्येमध्ये विचारत होती. डोकं तिचं शेवटपर्यंत लख्ख होतं.

"म्हणजे एक जागा रिकामी राहिली, म्हणून त्यानं सांगितलं की कुणीच नाही?"

"हो."

"आणि तू मानलंस."

"मानलं, ताई."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"पुन्हा पुन्हा विचारलं होतं."

अटकाकांनी मान खाली घातली. सायकलवाल्याचा पंप तेवढा फुसफुसत होता. मग ताई म्हणाली, अगदी हळू, रागानं नाही, "दारातून बघितलंस होय रे?"

तिनं शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर बरं झालं असतं. अटकाकांना उंबऱ्यावर बसलेली ती बाई आठवली, हातात पाण्याचा पेला घेतलेली. पाणी तरी मिळालं होतं तिला.

"बाकीच्यांना फोन केलेत?" ताईनं विचारलं.

"बाई करतायत."

"एकटी ती बाई किती करणार? तू इथं काय बसलायस? जा."

"तुझ्याजवळ..."

"मला माझं कळलंय. त्यांना अजून कळायचंय. जा म्हणते ना!"

दुसऱ्या सकाळपासून अटकाका पहिल्या मजल्यावर फोनवाल्या बाईंच्या शेजारी बसले. आयुष्यात ते पेशंटशी कधी बोलले नव्हते, त्यांच्यासाठी पेशंट म्हणजे ओळ. आता प्रत्येक ओळ बोलायला लागली. कुणी लगेच येतो म्हणाले. कुणी घाबरून फोन घरच्यांकडे दिला. एका बाईनं म्हटलं, "ते गेले हो. पोट दुखायचं त्यांचं. फोन आला नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो." आणि वर म्हणाली, "तुम्ही आठवणीनं फोन केलात, उपकार झाले." अटकाकांनी फोन ठेवला, उठून जिन्यात गेले आणि भिंतीला कपाळ लावून उभे राहिले. मग परत येऊन पुढचा नंबर फिरवला. त्या बिननंबरच्या माणसाचा मात्र पत्ता लागला नाही. त्यानं पुन्हा फोन केला नाही, आणि त्याला शोधायला कुठली अट घालायची, हे अटकाकांनाही सुचलं नाही.

काम संपलं की ते तडक घरी यायचे. ताई आता दिवसभर पडूनच असायची. शेजारीण ये-जा करायची. अटकाका दार उघडायचे आणि पहिली नजर खिडकीजवळच्या पलंगावर. चादरीखाली ती एवढीशी दिसायची, दारातून तर चादर रिकामीच वाटायची. चपला काढायचंही भान नसायचं. ते सरळ पलंगापर्यंत जायचे, वाकायचे, श्वास चालू आहे का बघायचे.

"आहे अजून," ताई डोळे न उघडता म्हणायची. "चपला काढ आधी."

ती त्यांच्याशी बोलायची. औषध, पाणी, उशी, दिवा. लागेल तेवढं. पूर्वीसारखं सुनावणं मात्र बंद झालं होतं. चहात साखर जास्त झाली तरी गप पिऊन टाकायची. अटकाकांना वाटायचं, एकदा तरी हिनं आपल्याला झोडपून काढावं. एकदा त्यांनी न राहवून विचारलंसुद्धा, "ताई, मला माफ करशील का गं?" ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला नको विचारूस. मी एका बाईला केलं नाही. आता तुला कुठल्या तोंडानं करू?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "ती जिवंत आहे का रे अजून?" अटकाकांना माहीत नव्हतं. बघतो, म्हणाले. त्या बाईचं घर त्यांना सापडलं, पण तिथं आता दुसरीच माणसं राहत होती. ताईला त्यांनी ते सांगितलं. तिनं फक्त हुंकार दिला.

दिवस असेच गेले. रोज संध्याकाळी दार, पलंग, आणि "आहे अजून". अटकाका तेवढ्यावर जगत होते, खोटं कशाला बोला?

एका संध्याकाळी ते आले तेव्हा शेजारीण नुकतीच खाली गेली होती. दिवा लागायचा होता. अटकाकांनी दारातून बघितलं, आणि पलंगापर्यंत गेले. वाकले.

"ताई."

उत्तर आलं नाही.

त्यांनी तिच्या नाकाशी हात धरला. खाली सायकलवाला दुकान बंद करत होता. फळ्या एकावर एक पडल्या, मग सगळं शांत झालं. त्यांनी तिचं मनगट धरलं, सोडलं, दुसरं धरलं. पुन्हा हाक मारली. मग पुन्हा.